मुलगा निर्व्यसनी आहे

लग्न जमवणाऱ्या मंडळींचा शब्दकोश फार छोटा असतो. मुलगी 'गृहकृत्यदक्ष' आणि मुलगा 'निर्व्यसनी'. हे दोन शब्द पडले की मग उरतात पत्रिका, पगार आणि फ्लॅट. आता मुलीही सकाळी साडेआठची लोकल पकडतात, त्यामुळे 'गृहकृत्यदक्ष' मागे पडला. पण 'निर्व्यसनी' अजून टिकून आहे. पूर्वी तो पोस्टकार्डावर असायचा, मग वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर आला, आता मोबाइलवर येतो.

माझ्या लग्नाच्या वेळी हा शब्द आमच्या आत्याने उच्चारला. "मुलगा एकदम निर्व्यसनी. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही." हे शंभर टक्के खरं होतं आणि आजही आहे. दारू, सिगारेट, तंबाखू, तपकीर यांपैकी एकाही शाखेत माझं खातं नाही. सासरेबुवांनी समाधानाने मान हलवली. आत्याने सांगितलं नाही ते एवढंच, की मुलगा निर्व्यसनी असला तरी नादिष्ट आहे. त्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता.

नादिष्ट म्हणजे काय, हे ओळखायची सोपी परीक्षा आहे. माणसांपुढे भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी ठेवावी. काही जण चार दाणे उचलतात, सालं फुंकतात, गप्पा मारतात आणि वाटी पुढे सरकवतात. उरलेल्यांना वाटीचा तळ दिसेपर्यंत समोरचा माणूस दिसत नाही. मी या उरलेल्यांपैकी. 'अति तिथे माती' ही म्हण पहिल्या तऱ्हेच्या माणसाने काढली असणार, यात मला शंका नाही. आमच्या तऱ्हेच्या माणसाला माती दिसली, की तो कुंड्या आणायला धावतो.

माझं अगदी हेच झालं. एका तुळशीवर सुरू झालेली बाग दीड वर्षात ९१ कुंड्यांवर गेली, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीच्या स्लॅबबद्दल काळजी व्यक्त करणारं पत्र पाठवलं. त्याआधी बुद्धिबळ होतं. त्याआधी हार्मोनियम होती. तिच्याविषयी शेजारी अजूनही बोलायला तयार नसतात. त्याआधी शब्दकोडी होती. प्रत्येक नाद न कळवता आला, घरभर पसरला आणि एक दिवस भाडं न देता निघून गेला.

सध्या चालण्याचा नाद आहे. मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं आणि रोज दहा हजार झालीच पाहिजेत. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या ऋषीने सांगितलेला नाही, की डॉक्टरने मोजून काढलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचं मीटर' असा होता. म्हणजे मुळात ही जाहिरात. मला हे ठाऊक आहे. तरी रात्री पावणेबाराला आकडा ९,६४० वर थांबलेला दिसला, की मी सोफा ते बेसिन अशा फेऱ्या सुरू करतो. "अहो, साडेतीनशे पावलांनी काय आभाळ कोसळतंय?" आमची ही अंथरुणातून विचारते. कोसळत नाही, हे मलाही माहीत असतं. पण माहीत असणं आणि थांबणं ही दोन खाती वेगळी आहेत, आणि एकातून दुसऱ्यात रक्कम वळती होत नाही.

इथपर्यंत तुम्ही हसला असाल तर माझी हरकत नाही. पण 'सोफा ते बेसिन' याऐवजी 'घर ते गुत्ता' असं घातलं, तर हाच मजकूर कोणी हसत वाचणार नाही. माणूस तोच, रात्रीची वेळ तीच, अंथरुणातून येणारा आवाजही तोच. मग फरक पडला कुठे?

बँकेत कर्जखात्यांचे चार वर्ग करतात. स्टँडर्ड, सब-स्टँडर्ड, डाउटफुल आणि लॉस. मराठी भाषेने हेच काम फार पूर्वी करून ठेवलं आहे. छंद, नाद, वेड आणि व्यसन. छंद म्हणजे स्टँडर्ड खातं. हप्ते वेळेवर, पाहुण्यांना दाखवायला उत्तम. नाद म्हणजे सब-स्टँडर्ड. घरचे 'ह्यांना ना, नादच आहे' असं हसून सांगतात, पण हसताना ह्यांच्याकडे बघत नाहीत. वेड म्हणजे डाउटफुल. पैसे परत येतील अशी आशा असते, खात्री नसते. आणि व्यसन म्हणजे लॉस. तिथे फक्त जामीनदार उरतो, आणि तो बहुधा कुंकू लावलेला असतो. कर्जखातं नव्वद दिवसांहून जास्त थकलं की एनपीए होतं, हे शिपायापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पण छंदाचा नाद आणि नादाचं व्यसन कितव्या दिवशी होतं, याचं परिपत्रक रिझर्व्ह बँकेनेही काढलेलं नाही.

शिवाय वर्ग ठरवताना आपण खातं बघतच नाही, खातेदाराचा पोशाख बघतो. रात्रभर गाण्याच्या बैठकीला बसून सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी कचेरीत येतो तो दर्दी. रात्रभर रमी खेळून तशाच डोळ्यांनी येतो तो जुगारी. पोराची फी दोघांच्याही घरी राहिलेली असू शकते, पण पहिल्याला आपण शाल देतो आणि दुसऱ्याला उपदेश.

आपले पूर्वज या बाबतीत जास्त कडक होते. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळायची अठरा व्यसनं दिली आहेत. दहा कामातून निघालेली आणि आठ क्रोधातून. (कामातून म्हणजे ऑफिसच्या कामातून नव्हे.) दहांमध्ये शिकार, द्यूत, मद्य ही नावं अपेक्षितच. पण त्याच यादीत नाचणं, गाणं, वाजवणं आहे, उगाच भटकणं आहे आणि दिवसा झोपणंही आहे. म्हणजे 'निर्व्यसनी' म्हणून लग्न झालेला मराठी माणूस रविवारी श्रीखंडपुरीनंतर दीड ते चार या वेळात शास्त्राधाराने व्यसनी असतो. क्रोधाच्या आठांत चहाडी आहे, मत्सर आहे, दुसऱ्याच्या गुणांत दोष काढणं आहे, शिवीगाळ आहे. ही यादी मी आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवली, तेव्हा सगळे एकदम गप्प झाले आणि डबे आवरायला लागले.

उलट भर्तृहरीने थोरांच्या अंगचे गुण मोजताना विद्येचं व्यसन हा गुण म्हणून मोजला आहे. एकच शब्द, एका वहीत नावे आणि दुसऱ्या वहीत जमा! संस्कृतात व्यसन म्हणजे संकट असाही अर्थ आहे, आणि मला वाटतं तोच सर्वांत प्रामाणिक. संकट कुणावरही येतं. ते येताना चारित्र्याचा दाखला मागत नाही.

याचा पुरावा हवा असेल तर धर्मराजाकडे बघा. शकुनीसमोर सगळं हरला, द्रौपदीलाही लावून बसला. पुढे तिच्यामुळे सगळं परत मिळालं. शहाणा माणूस असता तर रथ जोडून घरी गेला असता. धर्मराज निघालाही, पण वाटेत पुन्हा बोलावणं आलं, आणि हा गृहस्थ परत जाऊन पुन्हा पटावर बसला! तो कोण होता? सत्य, नियम, दिलेला शब्द यांच्या बाबतीत पाची भावांत सर्वांत काटेकोर. बोलावल्यावर नाही म्हणायचं नाही, हाही त्याचा नियमच. काटेकोरपणाने त्याला वाचवलं नाही, उलट पटापर्यंत नेऊन सोडलं. भीमाला असलं काही झालं नसतं. भीम नियम मोडायला कधीही तयार असायचा.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तर एका जुगाऱ्याचं अख्खं सूक्तच आहे. फासे बेहड्याच्या फळांचे, पण घरची हकिगत आजच्या एखाद्या वसुलीच्या फाइलमधली वाटावी. बायको दुरावली आहे, सासू तिरस्कार करते, आईबाप आणि भाऊ 'आम्ही याला ओळखत नाही' म्हणतात, कर्ज डोक्यावर आहे. हा बिचारा ठरवतो की आता जायचं नाही. तेवढ्यात पटावर पडणाऱ्या फाशांचा आवाज कानावर येतो, आणि पाय निघतात. तीन हजार वर्षं होऊन गेली. फाशांच्या जागी मोबाइलची 'टिंग' आली, एवढाच बदल.

आणि 'एकच प्याला'? हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आलं. गडकऱ्यांचा सुधाकर हा आळशी नाही, दुर्जन नाही. हुशार वकील, मानी आणि हट्टी. जे करील ते पुरं करील, अशा तऱ्हेचा माणूस. तळीराम त्याला दुःखावरचं औषध म्हणून पहिला प्याला देतो. त्या नावातला 'एकच' हा शब्द चार शेंगदाणे खाऊन वाटी सरकवणाऱ्यांसाठी आहे. सुधाकराच्या अंकगणितात एक हा आकडाच नाही. शून्य आहे, नाही तर तळ आहे.

मग नादिष्ट स्वभाव ही व्यसनाची पहिली पायरी समजायची का? तसं असतं तर काम सोपं झालं असतं. शाळेतच शेंगदाण्यांची वाटी पुढे ठेवून मुलं वेगळी काढता आली असती. पण मानसशास्त्रज्ञ 'व्यसनी माणूस' असा एकच छाप मानत नाहीत. सतरांदा कुलूप ओढून बघणारी कितीतरी माणसं आयुष्यात दारूला शिवत नाहीत. त्यांची धास्तीच त्यांना वाचवते. दारूच्या बाबतीत आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा धरतात. उरलेल्या निम्म्यात पहिली गाठ कोणत्या वयात पडली, वस्तू किती सहज मिळाली, संगत कोणाची होती आणि मनाला कुठे दुखत होतं, हे सगळं येतं.

आणखी एक गोष्ट आहे. रॉबिन्सन आणि बेरिज या दोन शास्त्रज्ञांनी १९९३ साली असं मांडलं, की एखादी गोष्ट आवडणं आणि ती हवीशी वाटणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यसनात आवड वाढत नाही, बऱ्याचदा कमीच होते. हाव मात्र वाढत जाते. कर्जाच्या भाषेत सांगायचं तर पहिले काही प्याले म्हणजे हातात पडलेलं मुद्दल. त्यानंतरचे सगळे प्याले म्हणजे नुसतं व्याज. माणूस मजेसाठी पीत नाही, कालच्याएवढं बरं वाटावं म्हणून पितो. बाहेरून बघणाऱ्याला मात्र वाटतं, काय मजा चालली आहे!

आता माझ्या निर्व्यसनीपणाचं जरा ऑडिट करू. एकोणिसाव्या वर्षी माझ्यापुढे जी वाटी आली, ती शब्दकोड्यांची होती. आमच्या चाळीच्या तळमजल्यावर वाचनालय होतं. गुत्ता दोन गल्ल्या पलीकडे होता आणि त्या बाजूला माझं काही काम नव्हतं. आमच्याच वर्गातल्या एकाचं त्या बाजूला घर होतं. हुशारीत तो माझ्या पुढे, नाद लागण्यात माझ्या बरोबरीचा. तो चाळिशी बघायच्या आधीच गेला. लोक म्हणाले, संस्कार कमी पडले. संस्कार दोघांनाही एकाच शाळेने दिले होते, त्याच छडीने. फरक दोन गल्ल्यांचा होता. माझ्या नावावर जमा दाखवलेलं हे पुण्य खरं म्हणजे वाचनालयाच्या खात्यावर जायला हवं.

हे मी नम्रतेपोटी म्हणत नाही. कारकून माणूस हिशेबापुरतं बोलतो. ज्याला शेंगदाण्याची वाटी सरकवता येते, त्याने दारू सोडली नाही म्हणून कुणाला नावं ठेवावीत, तर ते अडाणीपणाचं होईल. पण ज्याला स्वतःला वाटी सरकवता येत नाही आणि जो केवळ वाटी बदलल्यामुळे वाचला, त्याने नावं ठेवावीत, म्हणजे कृतघ्नपणाच झाला.

आताच्या पोरांना तर दोन गल्ल्याही ओलांडाव्या लागत नाहीत. गुत्ता आणि वाचनालय एकाच खिशात आहे, आणि गुत्त्याला जाहिरातीचं बजेट आहे. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते, १९५७ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल तर दाणा बंद झाल्यावर कबुतर लवकर कंटाळतं. पण कधी मिळतो, कधी मिळत नाही, असं ठेवलं तर ते चोच मारतच राहतं. मोबाइल असाच दाणे टाकतो.

आमच्या काउंटरवर एकदा एक गृहस्थ पासबुक भरायला आले. खातं बापलेकाचं जॉइंट. यंत्रातून ओळी उमटायला लागल्या. रात्री एक वाजून चार मिनिटांनी दोनशे, एक बाराला पाचशे, एक एकोणीसला पुन्हा दोनशे. वेळा मला स्क्रीनवर दिसत होत्या, त्यांना पासबुकावर फक्त रकमा दिसल्या. एक पान संपलं, दुसरं संपलं. "हे काय असेल हो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मुलाला विचारा, पण ओरडून विचारू नका." याहून जास्त बोलण्याचा कारकुनाला अधिकार नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संसदेने केला, हे उत्तम झालं. पण कायदा वाटी उचलतो. हात तसाच पुढे आलेला राहतो.

त्या हाताचं काय करायचं, हे मला आमच्या शाखेतल्या एका हेडकॅशियरांनी शिकवलं. आम्ही त्यांना काका म्हणायचो. नोटांच्या गड्डीतले सगळे गांधीजी एकाच बाजूला बघत असल्याखेरीज काका गड्डीला रबर लावत नसत. बावीस वर्षांत त्यांच्या कॅशमध्ये रुपयाचा फरक नाही. मग परगावी बदली झाली. एकट्याची खोली, खाणावळीचा डबा आणि सव्वाआठनंतर रिकामी संध्याकाळ. तिथे सुरुवात झाली. तीही काकांच्याच पद्धतीने! बाटलीच्या बुचाने मोजून, घड्याळ लावून. वेळ कधी चुकली नाही. आकडा तेवढा वाढत गेला. आणि एका संध्याकाळी त्यांच्या कॅशमध्ये दोन हजारांची तूट आली. काकांनी रक्कम खिशातून भरली आणि घरी जाऊन काकूंना म्हणाले, "मला कुठेतरी घेऊन चल." काकू चार वर्षं हेच सांगत होत्या. पण त्यांच्या सांगण्याला व्हाउचर नव्हतं.

व्यसनमुक्ती केंद्रातून परत आल्यावर एकदा काका मला म्हणाले, "कमी घ्या, कमी घ्या, असं सगळे सांगायचे. चांगलीच माणसं रे ती. पण कमी मला येतच नाही. मला पूर्ण येतं, नाही तर निल येतं. तिथे पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, मग निल ठेवा. आणि कायमचं नका ठेवू, फक्त आजचं ठेवा. ते मला जमण्यासारखं वाटलं. रोजचं क्लोजिंग मी आयुष्यभर केलंय."

हे 'फक्त आजचं' म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेची शिकवण. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन या गावी बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन भेटले. दोघेही दारूने पोळलेले. एकमेकांशी बोलत राहिलं तर आजचा दिवस निघतो, हा त्यांचा शोध. ही संघटना त्यातून उभी राहिली. आपल्याकडे १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, त्याला पु. ल. देशपांड्यांचा आधार मिळाला. आणि गंमत बघा, अनिल अवचट हे स्वतः पक्के नादिष्ट! कागदाच्या घड्या घाल, बासरी वाजव, लाकूड कोर, चित्रं काढ. 'छंदांविषयी' नावाचं पुस्तकच त्यांनी लिहिलं. व्यसनाच्या दारावर छंदाचा रखवालदार बसवायचा, तर तो असाच हवा.

इथे बँकेतला माणूस शंका काढणारच. एक कर्ज फेडायला दुसरं कर्ज द्यायचं, म्हणजे खातं वरून हिरवंगार दिसतं. याला आमच्याकडे एव्हरग्रीनिंग म्हणतात आणि तपासणीत त्यावर लाल शेरा येतो. दारू सोडून गुटखा, गुटखा सोडून लॉटरी, हा प्रकार त्यातलाच. खुद्द बिल विल्सनची दारू सुटली, पण सिगारेट बरीच वर्षं चालू राहिली, आणि १९७१ साली तो गेला तो फुप्फुसाच्या विकाराने. म्हणून त्याला ढोंगी म्हणायचं कारण नाही. एक खातं बंद करता करता माणसाची सगळी शिल्लक संपते, हे वसुली विभागात काम केलेल्यांना कळेल.

मग जागा बदललेला नाद आणि एव्हरग्रीनिंग यांतला फरक कसा ओळखायचा? माझ्यापुरत्या दोन खुणा मी ठरवल्या आहेत. पहिली, व्याज कोण भरतं? नाद माझा आणि व्याज माझ्या खिशातलं, माझ्या झोपेतलं असेल, तर फार तर मी विक्षिप्त ठरेन. नाद माझा आणि व्याज बायकोमुलांच्या वाट्याचं, तर त्याला छंद म्हणणं म्हणजे वही खोटी लिहिणं, मग तो नाद गाण्याचा असो नाही तर समाजसेवेचा. दुसरी खूण, हाक ऐकू येते का? नादात असलेल्या माणसाला आतून हाक मारली तर तो 'आलो' म्हणतो, कुरकुरतो, पण येतो. व्यसनात हाक पोहोचतच नाही. रात्री पावणेबाराला मी कितव्या हाकेला थांबतो, याची नोंद आमच्या हिच्याकडे आहे. ऑडिटर म्हणून ती कडक आहे. सध्या शेरा 'समाधानकारक, परंतु लक्ष ठेवावे' असा आहे.

निर्व्यसनीपणाचं श्रेय आपलं नाही, तर जबाबदारीही आपली नाही, असा कोणी अर्थ काढील. तसं नाही. बापाने काढलेलं कर्ज मुलाने काढलेलं नसतं. दोष त्याचा नाहीच. तरी घर वाचवायचं असेल तर हप्ता त्यालाच भरावा लागतो. स्वभावाचंही तसंच आहे. आमच्या तऱ्हेच्या माणसाला 'बेताने वाग' असं सांगणं म्हणजे हत्तीला 'जरा बारीक हो' म्हणण्यासारखं आहे. त्यापेक्षा ओंडके कुठे ओढायचे ते दाखवावं. खुद्द धर्मराजही शेवटी हेच शिकला. वनवासात त्याने बृहदश्व ऋषींकडून फाशांची विद्या घेतली, आणि अज्ञातवासात विराटाच्या दरबारी कंक नावाने नोकरी धरली. काम काय? राजाशी फासे खेळणं! फासे तेच, पण आता पटावर द्रौपदी नव्हती.

काका निवृत्त होऊन आता सहा वर्षं झाली. त्यांच्याकडे एक लाल पुठ्ठ्याची वही आहे. रोजची तारीख, पुढे 'निल' आणि खाली सही. बँकेत होते तेव्हाच्याच वळणाची. त्यातली एक ओळ मोकळी नाही. सव्वाआठ ही वेळही त्यांनी मोकळी ठेवलेली नाही. बरोबर सव्वाआठला ते फोन उचलतात आणि केंद्रातून नुकत्याच घरी आलेल्या एकेकाला लावतात. 'कसं वाटतंय' वगैरे विचारत नाहीत. "आजचं क्लोजिंग झालं का?" एवढंच. पलीकडचा टाळाटाळ करतो, रडतो, कधी चिडून फोन ठेवतो. काका पुन्हा लावतात. तो 'झालं' म्हणेपर्यंत लावत राहतात. काकू ताट वाढून ठेवतात आणि वाट बघतात. त्यांची आता तक्रार नाही. तो 'झालं' म्हणाल्याशिवाय काका जेवायला बसत नाहीत. स्वभावच तसा.